थांबा, पण सगळे मिळून!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टसमोर रांगेत उभं राहून किती जणांनी मनातल्या मनात राजीनामा लिहिलाय? हात वर करा बघू. ओके, आता खाली घ्या. बॉस मागेच उभा आहे.

या राजीनाम्याची पुढची ओळही सगळ्यांची सेमच असते. एक बेट. निळं पाणी. दोन नारळाची झाडं, मध्ये बांधलेला झोपाळा आणि झोपाळ्यात आपण. ईएमआय नाही, अप्रेझल नाही, 'पाचच मिनिटं बोलायचं होतं' म्हणून सुरू होणारा तासाभराचा कॉल नाही. या स्वप्नात सकाळी केर कोण काढतं, भात कोण शिजवतं आणि भांडी कोण घासतं, हे मात्र कुणालाच दिसत नाही. स्वप्नच ते, त्यात भांडी कशाला येतील?

गेली काही वर्षं या बेटाला एक पत्ताही मिळालाय. बाली! २००६मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेचं 'ईट, प्रे, लव्ह' आलं, २०१०मध्ये त्यावर ज्युलिया रॉबर्ट्सचा सिनेमा आला आणि 'आयुष्य बिनसलं की बालीला जायचं' हा फंडा जगभर पोचला. त्याआधीही लोक जात होतेच म्हणा. रवींद्रनाथ टागोर १९२७मध्येच बाली बघून आले होते. पण आताची गर्दी वेगळी आहे. २०२४ या एका वर्षात बालीत ६० लाखांहून जास्त परदेशी पाहुणे उतरले आणि त्यात ऑस्ट्रेलियन लोकांच्या खालोखाल नंबर होता आपला, भारतीयांचा. बेटाची स्वतःची लोकसंख्या साधारण ४४ लाख, आकार आपल्या पुणे जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा मोठा. निवांतपणा शोधायला आलेल्यांचीच एवढी गर्दी, की दक्षिण बालीतल्या चांगू भागात संध्याकाळचं स्कूटरचं ट्रॅफिक बघून थेट हिंजवडीचा चौक आठवावा.

मग खरंच काही मिळतं का तिथे? की नुसतेच फोटो?

काहीच करत नसताना झालेली घाई

माझ्या एका मैत्रिणीने मनातला राजीनामा खरोखर मेल केला. वय २९, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग, सात वर्षं एकाच कंपनीत. तिचं नाव इथे देत नाही, कारण तिच्या काही नातेवाइकांना अजून वाटतंय की ती कंपनीच्याच कामाला परदेशी गेली होती!

ब्रेकअप नाही, आजारपण नाही, बॉसशी भांडणही नाही. सगळं बरं चाललं होतं. एका रविवारी दुपारी आईचा फोन आला. 'काय करतेयस?' आईने विचारलं. ही सोफ्यावर लोळत होती, टीव्ही बंद, हातात काही नाही. तरी तोंडातून निघालं, 'अगं घाईत आहे, नंतर बोलते.' फोन ठेवल्यावर तिला प्रश्न पडला, घाई कसली? नक्की कुठे जायचंय आपल्याला?

त्या रविवारचा हिशोब लागायला तिला सहा महिने लागले. नोटीस पिरियड पूर्ण करून, थोडी बचत हाताशी ठेवून २०२५च्या फेब्रुवारीअखेर ती बालीला गेली. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. ३० दिवसांचा, आणि तो एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतो. म्हणजे एकूण साठ दिवस. हे साठच्या साठ दिवस एकाच गावात काढायचे, असं तिने ठरवलं.

गाव कुठलं? पूर्व बालीतल्या सिडेमन खोऱ्यातलं. समुद्र नाही, पब नाही. भाताची खाचरं, खाली नदी, समोर तीन हजार मीटरहून उंच असलेला आगुंग ज्वालामुखी आणि घराघरातून हातमागाचा खटखटाट. चार भिंतींच्या आवारात छोट्या छोट्या खोल्या, कोपऱ्यात घरचं देऊळ, असं एक घर. त्यातली एक खोली हिची. भाडं पुण्यातल्या तिच्या वन बीएचकेपेक्षा बरंच कमी. घरमालकिणीला ती 'इबू' म्हणायची. इबू म्हणजे आई, पण तिथे कुठल्याही मोठ्या बाईला मानाने इबूच म्हणतात, आपल्या 'काकू'सारखं.

गाळ बसेपर्यंत

पहिला आठवडा वाईट गेला. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे पुण्यात साडेनऊची टीम मीटिंग सुरू होते तेव्हा तिथे दुपारचे बारा वाजलेले असतात. रोज बाराच्या ठोक्याला हिच्या पोटात गोळा यायचा. समोर खाचरात बदकं पोहताहेत, नारळाच्या झावळ्या हलताहेत, आणि हिला वाटतंय की आपलं स्टेटस अपडेट राहिलं!

बाराव्या-तेराव्या दिवशी बारा वाजून गेले ते तिला कळलंच नाही.

काय केलं एवढं? तर काहीच नाही. योगा रिट्रीट नाही, डिटॉक्स ज्यूस नाही. चार कपडे, ते रोज हाताने धुवायचे. गावातल्या वारुंगमध्ये, म्हणजे आपल्या खानावळीत, भात, दोन भाज्या, तळलेलं टेम्पे आणि झणझणीत संबल. दुपारी खाचराच्या बांधावरून चालत नदीपर्यंत. आणि सकाळी कॉफी. या कॉफीची पण गंमत आहे. पावडर थेट ग्लासात टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि गाळ तळाला बसेपर्यंत थांबायचं. थांबलं नाही, तर तोंडात गाळ येतो. म्हणजे ही कॉफी घाईत पिताच येत नाही!

'अगं, मला सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या कॉफीची चव कळली,' तिने मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने एका लेखाची डेडलाइन गाठत होते. माझा चहा शेजारी कधीच गार झाला होता.

आणखी एक शब्द तिला तिथे भेटला. इबू ताटात भात वाढताना दरवेळी थांबून विचारायची, 'चुकुप?' म्हणजे पुरे? एवढाच प्रश्न. 'सात वर्षांत मला ऑफिसात कुणी पुरे का असं विचारलं नव्हतं,' मैत्रीण म्हणाली. 'आणखी काय करता येईल, एवढंच विचारलं होतं.'

इथे हा कॉलम संपवता आला असता. झोपाळा, कॉफी, पुरे का, समाप्त. पण मैत्रिणीने पुढे जे बघितलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

इबूचं टाइमटेबल

दिवस निवांत जायला लागल्यावर तिने पहिल्यांदा इबूकडे नीट बघितलं. इबू पहाटे अंधारात उठायची. झाडलोट, स्वयंपाक, मग नारळाच्या पानांची छोटी छोटी चौकोनी द्रोणं. त्यात फुलं, चिमूटभर भात, वर उदबत्ती. याला चनांग सारी म्हणतात. देवळात एक, उंबऱ्यात एक, चुलीपाशी एक आणि स्कूटरवरसुद्धा एक! हे रोजचं. त्यात बंजारची कामं वेगळी. बंजार म्हणजे गावातल्या वस्तीची पंचायत. लाकडाचा पोकळ नगारा वाजला की घरटी माणूस हजर झालंच पाहिजे. कुणाचं लग्न, कुणाचा अंत्यविधी, देवळाचा उत्सव, सगळ्याला गावानेच राबायचं. न सांगता गैरहजर राहिलं, तर दंड. आणि देवळाचा उत्सव वर्षातून एकदाच येईल असं कुठे आहे? बालीचं एक पंचांग २१० दिवसांचं आहे आणि गावात देवळं ढीगभर. एक उत्सव उरकतोय तोवर दुसऱ्याची तयारी सुरू.

'मला एकदम लख्ख दिसलं,' मैत्रीण म्हणाली. 'त्या घरात निवांत आयुष्य जगणारी एकच व्यक्ती होती. पैसे देऊन राहणारी पाहुणी. मी!'

हे लक्षात आलं की अपराधी वाटायला लागतं आणि तिलाही वाटलं. पण त्यासोबत तिला आणखी एक गोष्ट दिसली. इबूला काम प्रचंड होतं, पण घाई नव्हती. या दोन गोष्टी आपण एकच समजतो, त्या एक नाहीत. इबूचं काम बारापर्यंत संपायचं म्हणजे संपायचं. त्यानंतर ती ओसरीवर बसायची, शेजारणी यायच्या, हसणं-खिदळणं. उद्याच्या द्रोणांचं टेन्शन आज नाही. कुठलं काम कधी करायचं, कुणी करायचं आणि कुठे थांबायचं, हे तिला एकटीला ठरवावं लागत नव्हतं. ते आधीच ठरलेलं होतं, आणि अख्ख्या गावाचं एकच ठरलेलं होतं.

आपल्या कॅलेंडरात काय असतं? मीटिंगची सुरुवात. शेवट फक्त लिहिलेला असतो, पाळलेला नसतो.

उंदरांची गोष्ट

हे 'अख्ख्या गावाचं एकच ठरलेलं' काय असतं, ते बालीच्या खाचरांत बघायला मिळतं. आणि ही गोष्ट आयटीवाल्यांनी तर वाचायलाच हवी.

बालीत भातशेतीच्या पाण्याचं वाटप 'सुबक' नावाच्या शेतकरी मंडळांकडून होतं. ही पद्धत नवव्या शतकापासून चालत आली आहे, आणि २०१२मध्ये युनेस्कोने सुबकच्या खाचरांना आणि जलमंदिरांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कुणी कधी लावणी करायची, कुणी कधी जमीन मोकळी ठेवायची, हे सुबकच्या बैठकीत आणि पाण्याच्या देवळांच्या वेळापत्रकाने ठरतं. वरच्या शेतकऱ्याच्या शेतातून पाणी आधी जातं. मग तो खालच्याला पाणी कशाला सोडेल? चांगुलपणा म्हणून? छे!

उत्तर आहे कीड. समजा, एका शेतकऱ्याने कापणीनंतर शेत मोकळं ठेवलं, पण शेजारच्याचं भात उभं आहे. मग उंदीर आणि तुडतुडे शेजारी जातात, तिथे जेवतात आणि नवं पीक आलं की परत येतात. पण डोंगरउतारावरच्या सगळ्यांनी एकाच वेळी शेतं मोकळी ठेवली, तर किडीला जायला जागाच राहत नाही. ती उपाशी मरते. आणि सगळ्यांनी एकाच वेळी थांबायचं असेल, तर लावणीही सगळ्यांची साधारण एकाच वेळी व्हायला हवी. म्हणजे खालच्यालाही वेळेवर पाणी मिळायला हवं. वरचा पाणी सोडतो ते यासाठी.

१९७०च्या दशकात हरितक्रांती आली. सरकारने सांगितलं, हे देवळांचं वेळापत्रक सोडा, नवं बियाणं घ्या आणि ज्याला जमेल त्याने जमेल तेवढी पिकं काढा. नॉनस्टॉप! सुरुवातीला उत्पादन वाढलं. मग पाण्याचा गोंधळ झाला, किडीचा सुळसुळाट झाला, फवारण्या वाढल्या आणि पिकं हातची गेली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याच्या मदतीने या सगळ्याचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं. निष्कर्ष काय, तर पाणी आणि कीड या दोन्हींचा मेळ देवळांचं जुनं वेळापत्रकच उत्तम घालत होतं. १९९१मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'पुजारी आणि प्रोग्रामर' असा आहे.

मैत्रिणीला ही गोष्ट कळली तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे मी सात वर्षं एकटीच शेत मोकळं ठेवत होते की गं!'

बघा, पटतंय का? आपण सुट्टी घेतो, पण एकट्याने. आपण गोव्याला, आणि ऑफिस चालू. बाकीचे मेल पाठवताहेत, ग्रुपवर मेसेज पडताहेत. आपल्या शेतातले उंदीर शेजारच्या शेतात मजेत जेवताहेत. सोमवारी आपण परतलो की तेही परततात, चांगले गुबगुबीत होऊन! चारशे न वाचलेले मेल म्हणजे दुसरं काय असतं? मग आपण म्हणतो, सुट्टीचा काही उपयोग झाला नाही, आता मोठी सुट्टी घेऊ. बेटावर जाऊ.

सुट्टी लहान नसते. ती एकट्याची असते.

अख्खं बेट म्यूट

२९ मार्च २०२५ला मैत्रिणीने न्येपी बघितला. बघितला म्हणजे काय, त्या दिवशी बघण्यासारखं काहीच नसतं!

न्येपी म्हणजे बालीतल्या हिंदूंचा नववर्षाचा दिवस. आदल्या संध्याकाळी मोठमोठ्या राक्षसांच्या मिरवणुका निघतात, कल्ला होतो. आणि पहाटे सहापासून दुसऱ्या पहाटे सहापर्यंत बेट बंद. नियम चार. अग्नी नाही, म्हणजे चूल नाही आणि दिवेही नाहीत. काम नाही. प्रवास नाही. करमणूक नाही. रस्त्यावर फक्त गावचे पहारेकरी. आंतरराष्ट्रीय विमानतळ चोवीस तास बंद असतो. २०१८पासून तर मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. पर्यटकांनाही सूट नाही, हॉटेलच्या आवाराबाहेर पाय टाकायचा नाही.

आणि गंमत म्हणजे हे वर्ष मोजलं जातं शक संवत्सरात. तोच आपला शक! यंदाचा कितवा, असं तिने विचारलं तर उत्तर आलं १९४७. आणि दुसऱ्याच दिवशी, ३० मार्चला, पुण्यात पाडव्याला पंचांगात शके १९४७ सुरू झालं. एकच सन, एका दिवसाच्या अंतराने. आपण ढोल-ताशाने सुरू करतो, ते शांततेने. पुढे २३ एप्रिलला गालुंगान सण आला तेव्हा तर प्रत्येक दारासमोर सजवलेला उंच बांबू उभा राहिला. धर्माने अधर्मावर मिळवलेल्या विजयाची खूण. तिने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'आईला दाखव, इथे पण गुढी आहे!'

तर न्येपीची रात्र. दिवे नाहीत, अमावस्येचं आकाश. ओसरीवर इबू, तिचा नवरा, सासू आणि ही पाहुणी. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कुत्रीसुद्धा गप्प होती. मान वर केली तर ढगांच्या फटीतून एवढ्या चांदण्या, की तिला आधी भीती वाटली. 'आणि मग मला कळलं, मला काय वाटत नाहीये ते,' ती म्हणाली. 'मला असं वाटत नव्हतं की माझं काहीतरी सुटतंय. कारण कुठे काही घडतच नव्हतं. अख्ख्या बेटावर कुणीच माझ्या पुढे जात नव्हतं.'

मला हे वाक्य फार लागलं. आपल्याला विश्रांती मिळत नाही ती कामामुळे नाही. आपण थांबलेलो असताना बाकीचे धावताहेत, या भीतीमुळे.

बिल कोण भरतं?

आता थोडा हिशोब. कारण बालीबद्दल लिहायचं आणि पैशाबद्दल बोलायचं नाही, हे प्रामाणिक नाही.

२०२५साठी बाली प्रांतात ठरलेलं किमान वेतन महिन्याला सुमारे ३० लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, आपले साधारण सोळा हजार रुपये. तिथे राहून परदेशातल्या कंपनीचं काम करायचं असेल, तर रिमोट वर्कर व्हिसा आहे. त्यासाठी वर्षाला किमान ६० हजार डॉलरची कमाई दाखवावी लागते, म्हणजे आपले पन्नास लाखांहून जास्त रुपये. थोडक्यात, लॅपटॉप घेऊन 'साधं आयुष्य' रीतसर जगायला पॅकेज मात्र चांगलंच हवं!

आणि ज्यांच्याकडे बघून आपण साधेपणा शिकतो, त्यांचं काय? इबूचा मुलगा एका क्रूझवर काम करतो. महिनोन्महिने घराबाहेर, बालीतली पुष्कळ तरुण मुलं करतात तसं. म्हणजे आपण ज्या धावपळीतून पळून तिकडे जातो, त्याच धावपळीत यायला तिथली पोरं धडपडताहेत. २०२०मध्ये कोविडने पर्यटक थांबले, तेव्हा बालीची अर्थव्यवस्था ९ टक्क्यांहून जास्त आक्रसली. पुष्कळ जण पुन्हा शेतीकडे आणि समुद्री शेवाळाच्या लागवडीकडे वळले. पाहुणे परतल्यावर खाचरांच्या जागी व्हिला पुन्हा उभ्या राहू लागल्या. सप्टेंबर २०२५मध्ये देनपसार परिसरात मोठा पूर आला, माणसं गेली, आणि शेतजमिनीवरच्या या बांधकामांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. हिरव्या खाचराकडे तोंड करून बसायला प्रत्येकाला खोली हवी असेल, तर खाचर राहणार कुठे?

निघायच्या आदल्या दिवशी मैत्रीण इबूला म्हणाली, मला इथेच राहावंसं वाटतंय. इबू हसली. तिने विचारलं, 'तुझ्या गावच्या देवळाचं काम कोण करतं मग?' यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. हिला उत्तर देता आलं नाही.

अमावस्या क्लब

तर ती परत आली. नवी नोकरी, आधीपेक्षा थोडा कमी पगार, तेच शहर, तोच ट्रॅफिक. बालीच्या आठवणीत उसासे टाकण्याऐवजी तिने दोन गोष्टी केल्या.

पहिली घरी. बाणेरच्या फ्लॅटमध्ये आता त्या तिघी राहतात. दर अमावस्येला रात्री आठ ते दहा दिवे बंद, वायफाय बंद, तिघींचे फोन एका डब्यात. पहिल्या वेळी पंधरा मिनिटांतच एकीने 'फक्त एक ओटीपी बघते' म्हणून डबा उघडला होता! तिसऱ्या अमावस्येला त्या तिघी गॅलरीत बसून दोन तास बोलल्या. एकीचे वडील आजारी होते, आणि हे दुसरीला चार महिने एका घरात राहून माहीत नव्हतं.

दुसरी ऑफिसमध्ये. ही जास्त अवघड होती. तिच्या टीममध्ये सहा टेस्टर. तिने एकटीने 'मी आठनंतर फोन उचलणार नाही' असं जाहीर केलं नाही. एकटीने शेत मोकळं ठेवून काय होतं, ते तिला माहीत होतं. तिने सहाही जणांना चहाला नेलं आणि उंदरांची गोष्ट सांगितली. ठरलं असं, की रात्री आठनंतर ग्रुपवर कुणीच काही टाकायचं नाही, लीडनेसुद्धा. काही पेटलंच, तर आठवड्याला एकाची पाळी, त्यालाच फोन. बाकी पाच जण त्या दिवशी खरोखर घरी. पाळी तुमच्यावर आली की पुढचे पाच आठवडे तुम्ही मोकळे. गेले काही महिने हे चाललंय. मोडतं अधूनमधून, रिलीजच्या आठवड्यात तर मोडतंच. मोडलं की पुन्हा चहा.

जगात काही ठिकाणी हे कायद्यानेही होतं. फ्रान्समध्ये २०१७पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतरच्या मेल-फोनबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क २०२४च्या ऑगस्टमध्ये आला. आपल्याकडे २०१८मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत अशाच हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोपर्यंत आपला बंजार आपल्यालाच भरवायला लागणार.

मी फ्रीलान्सर, मला टीमच नाही. त्यामुळे मी चार फ्रीलान्स मित्रमैत्रिणींना गाठलंय. रविवारी आम्ही पाचही जण काम घेणार नाही आणि एकाने नाही म्हटलेलं काम दुसऱ्याने रविवारी पळवायचं नाही. दोन रविवार झालेत. तिसऱ्याच्या आधी एकाला चांगलं काम आलं, तेव्हा त्याने ग्रुपवर विचारलं, 'घेऊ का?' आम्ही चौघांनी मिळून उत्तर दिलं, 'चुकुप!'

बालीला जाऊ नका, असं मी म्हणत नाहीये. जरूर जा, कॉफीचा गाळ बसेपर्यंत बसा, इबूने वाढलेला भात खा. पण परत येताना सोबत फक्त फ्रिजचं मॅग्नेट आणू नका.

आणि तिकिटाचे पैसे जमेपर्यंत कालनिर्णयमध्ये पुढची अमावस्या कधी आहे ते बघून ठेवा. तिला व्हिसा लागत नाही. फक्त आधी रूममेटला विचारावं लागतं!